मदत हवी आहे: अकरा मुलांचा अहवाल कसा लिहायचा?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघी नाशिकजवळ मखमलाबादला संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. मुलं अकरा, बहुतेक सुरगाणा-पेठहून द्राक्षबागांच्या कामाला आलेल्या घरांतली. काढणी संपली की निम्मी गावी परततात.

एका कंपनीकडे सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा) निधी मागितला, तर फॉर्मचा पहिलाच रकाना: लाभार्थी संख्या. किमान पाचशे! (पाचशे वह्या वाटल्या असत्या तर चाललं असतं म्हणे.) ऑक्टोबरमध्ये अक्षरं चाचपडणारी एक मुलगी आता आईला औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचून दाखवते. हे कुठल्या रकान्यात बसवू?

'असर' या शिक्षण-पाहणीतली अक्षर-शब्द-परिच्छेद-गोष्ट ही वाचनचाचणी आधी आणि नंतर घेतली, तर निधी देणारे ती मानतात का? मध्येच गेलेल्या मुलांची नोंद कशी ठेवता? कुणाकडे अशा अहवालाचा नमुना असेल तर दाखवाल का?