एका रिंगवर तिघांविरुद्ध तिघे: नियम कोणते ठेवावेत?

फोंडेकर:
फोंड्यात संध्याकाळी हाफ कोर्टवर बास्केटबॉल खेळतो. रिंग एकच, येणारे नऊ ते अकरा जण. वाद ठरलेले: बॉल रेषेबाहेर कधी काढायचा, लांबच्या बास्केटला पॉइंट किती आणि फाऊल कोणी द्यायचा. कोर्ट जेमतेम १२ मीटर रुंद आहे आणि लांबच्या शॉटची रेषा, म्हणजे कंस, पुसून गेलाय. तो कुठून मोजायचा तेही सांगा.

म्हापसेकर:
फोंडेकरबाब, आधी कंस आखा, त्याशिवाय पहिले दोन वाद मिटणारच नाहीत. रिंगच्या मधोमध ओळंबा सोडा, टेकेल तिथे खूण करा आणि तिथून ६.७५ मीटरचा कंस काढा. हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं, म्हणजे पट्टा आतल्या बाजूला रंगवायचा. नायलॉनची दोरी घेऊ नका, ती ताणते आणि कंस फुगतो. बारीक तार बरी. तुमच्या कोर्टावर मधून बाजूच्या रेषेपर्यंत ६ मीटरच आहेत, त्यामुळे रिंगच्या पातळीपासून साधारण ३.१ मीटर पुढे कंस बाजूच्या रेषेला मिळेल. कोपऱ्यातून लांबचा शॉट राहणार नाही, राहू नये. त्यासाठी रेषा आत ओढली की सगळे तिथेच जाऊन उभे राहतात.

रंगकाम पाऊस पूर्ण गेल्यावर. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून कोर्ट नीट वाळू द्या, आणि ऑइल पेंटमध्ये थोडी बारीक वाळू मिसळा. नाहीतर पहिल्याच सरीत ती रेषा पाय घसरवते.

बॉल बाहेर काढण्याबद्दल फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा) ३ बाय ३ चा, म्हणजे तिघांविरुद्ध तिघांच्या खेळाचा, नियम स्वच्छ आहे. ताबा बदलला की कंसाबाहेर, मग तो रिबाउंडने (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडून) बदलो, स्टीलने (बॉल हिसकावून) किंवा ब्लॉकने (शॉट अडवून). ड्रिबल करून किंवा पास देऊन, पण बॉल हातात असणाऱ्याचे दोन्ही पाय कंसाबाहेर हवेत, रेषेवर नकोत. स्वतःचाच रिबाउंड मिळाला तर तिथूनच शॉट मारा. एअरबॉललाही, म्हणजे कशालाच न लागता चुकलेल्या शॉटलाही, हेच लागू. ‘रिंगला लागला नाही म्हणून बाहेर काढ’ हा गल्लीतला नियम आहे, ठेवायचा तर आधी बोलून ठेवा.

डिचोलीकर:
पॉइंटचं गणित करून बघा. ३ बाय ३ मध्ये जवळून १, लांबून २. जवळचे निम्मे शॉट पडत असतील तर लांबचे चारात एक पडले तरी हिशेब बरोबरीत सुटतो. २ आणि ३ ठेवले तर तिनात एक पाडावा लागतो. नवखी मुलं असतील तर मी २-३ च सुचवेन, १-२ मध्ये ड्राइव्ह (बॉल घेऊन रिंगकडे घुसणं) आणि पासिंग मरतं.

बाहेर माणसं थांबलेली असताना बास्केट करणाऱ्यालाच पुन्हा बॉल देऊ नका, कमकुवत टीमला बॉलच मिळत नाही. बास्केट खाल्ली त्या टीमने रिंगखालून बॉल उचलून कंसाबाहेर न्यावा. २१ पॉइंट किंवा १० मिनिटं, जे आधी होईल ते. अकरा जण असतील तर ४, ४, ३ अशा टीम करा, चौथा बदली. जिंकणारी टीम सलग दोनच गेम कोर्टवर.

मडगावकर:
फाऊल: रेफरी नसेल तर ज्याला लागलं त्यानेच, लगेच, मोठ्याने बोलायचं. शॉट चुकला हे बघून मग ओरडलेला फाऊल धरू नये. फाऊलनंतर बॉल कंसाच्या माथ्यावरून, चेक करून सुरू. चेक म्हणजे बचाव करणाऱ्याच्या हातात बॉल देऊन परत घेणं. दुरून भिरकावला की ‘मी तयार नव्हतो’ सुरू होतं. जोरात ढकलणाऱ्याला आवर घालायला टीम फाऊल, म्हणजे अख्ख्या टीमचे मिळून फाऊल, मोजा. ३ बाय ३ मध्ये सातव्यापासून दोन फ्री थ्रो (कोणी न अडवता मारायचे शॉट), दहाव्यापासून फ्री थ्रो आणि वर बॉलही. दोघांनी बॉल घट्ट धरला तर तो बचावाचा.

फोंडेकर:
तारेची दोरी आणि २-३ ठरलं. बोर्डाच्या मागे लागून आत आलेला बॉल?

मडगावकर:
मागचा भाग किंवा खांब लागला की बॉल कोर्टबाहेर गेला असं धरायचं. वरची आणि बाजूची कड लागली तर खेळ चालू.