मदत हवी आहे: शिक्षक-चित्रकारांचं प्रदर्शन, ऐन पावसाळ्यात

नमस्कार मंडळी. आमच्या विद्यापीठाच्या कलादालनात यंदा शिकवणाऱ्या चित्रकारांचंच प्रदर्शन लावतोय. शंकर पळशीकर सर, प्रभाकर कोलते सर हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवता शिकवता स्वतःही रंगवत राहिले, पण आमच्याकडे 'सर चित्रं काढतात?' असं विचारणारी मुलं आहेत!

अडचण कागदावरच्या कामांची. एका मॅडमच्या जलरंगांवर माउंटच्या (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या) कडेने तांबूस ठिपके दिसायला लागलेत, बुरशीच असावी. दालनातला एसी संध्याकाळी बंद होतो, रात्रभर दमट हवा. फ्रेममध्ये काच आणि कागदात फट ठेवून, मागे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड लावलाय. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या फ्रेममागे ठेवून खरंच फरक पडतो का? ठिपके पडलेलं चित्र बाकीच्यांपासून लांब ठेवलंय. ते साफ करून देणारं कुणी दादर-गिरगाव भागात माहीत आहे का?

शिवाय भिंतीत खिळे ठोकायची परवानगी नाही. वरून रेल आणि वायर लावून देणारा, भाड्याने मिळाला तर उत्तमच, कुणी सुचवा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर धरतोय.

आणि चित्राशेजारच्या नावाच्या पट्टीवर 'सहयोगी प्राध्यापक' लिहू नये असं माझं ठाम मत, विभागप्रमुखांचं उलट. तुमच्याकडे काय करतात?