चॅरिटी पोकर लीगसाठी चिप्स कोणत्या घ्याव्या?

प्रश्न: इथे न्यू जर्सीत आमचा ग्रुप चॅरिटीसाठी पोकर लीग सुरू करतोय, ४ टेबलं, ३२ जण. चिप्स ११.५ ग्रॅमच्या घ्यायच्या की १४ च्या? आणि किती लागतील?

जुना_भिडू: वजनाच्या मागे लागू नका हो, जड चिप्समध्ये आत धातूची चकती असते, खणखण वाजतात बास. बजेट असेल तर सिरॅमिक घ्या, १० ग्रॅमच्याच असतात पण हातात मस्त बसतात. माणशी ५००० गुणांचा स्टॅक (सुरुवातीला हातात मिळणाऱ्या चिप्स) धरा: २५ च्या ८, १०० च्या ८, ५०० च्या ४, १००० च्या २, म्हणजे २२ चिप्स, ३२ जणांना ७०४, वर १००० च्या थोड्या जास्तीच्या ठेवा कारण पुढे ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावावीच लागणारी बोली) वाढले की बारक्या चिप्स बदलून द्याव्या लागतात.

चिवडाप्रेमी: निळा आणि जांभळा एकत्र घेऊ नका!! आमच्या बेसमेंटच्या पिवळ्या लाइटखाली एकाने १०० समजून ५०० टाकले, अर्धा तास वाद. आणि चिवड्याची वाटी टेबलापासून लांब, तेलकट बोटांचे डाग जाता जात नाहीत.

प्रश्नकर्ता: 😂 चिप्सवर आकडा छापलेलाच घेतो मग.

जुना_भिडू: हो, पण डॉलरचं चिन्ह नको. आणि परवान्याचं आधी बघा.