वॉशिंग्टनच्या काळातल्या परदेशी नेमणुका : सिनेटचा हात कुठवर?

पंचवटी_वाचनगट
नमस्कार मंडळी. नाशिकच्या आमच्या वाचनगटात अमेरिकेच्या सुरुवातीच्या परराष्ट्र कारभारावर टिपण चाललंय, तिथे एक गाठ सुटत नाही. घटनेत राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या सल्ल्याने व संमतीने दूत नेमावेत असं आहे. मग कुठल्या देशात आणि कुठल्या दर्जाचा माणूस पाठवायचा, हेही सिनेटच ठरवायची का? आणि कॉन्सल म्हणजे राजदूताचा दुय्यम समजावा का?

गोदाकाठ
राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टननी हाच प्रश्न आपल्या परराष्ट्रमंत्र्याला, जेफरसनला विचारला होता. २४ एप्रिल १७९० च्या लेखी मतात जेफरसन म्हणतो, सिनेटने माणूस मान्य किंवा अमान्य करावा. ठिकाण आणि दर्जा राष्ट्राध्यक्षाकडे. माणसावरची छाननी मात्र कडक असे. १७९२ मध्ये गव्हर्नर मॉरिसची पॅरिसची नेमणूक १६ विरुद्ध ११ मतांनी कशीबशी पार पडली. (‘गव्हर्नर’ हे त्याचं नाव, पद नव्हे. टिपणात इथे हमखास चूक होते.)

खरा लगाम तिजोरीचा. १ जुलै १७९० च्या कायद्याने या कामासाठी वर्षाला ४०,००० डॉलर दिले. मिनिस्टरला (म्हणजे परदेशी दरबारातला वरच्या दर्जाचा दूत, मंत्री नव्हे) जास्तीत जास्त ९,०००, त्याच्या सेक्रेटरीला १,३५०, शार्जे-द-अफेअरला (मिनिस्टरहून खालच्या दर्जाचा दूत) ४,५००. शिवाय निघताना सरंजामासाठी फार तर एका वर्षाच्या पगाराइतकी रक्कम. म्हणजे नवा मिनिस्टर पहिल्या वर्षी सेक्रेटरीसह १९,३५० पर्यंत जातो. असे तीन एकाच वर्षी नेमून बघा, गणित बसत नाही. म्हणून महत्त्वाच्या दरबारी मिनिस्टर आणि बाकी ठिकाणी शार्जे, अशी वाटणी समजून घ्यावी लागते.

आणि ‘राजदूत’ शब्द टिपणातून काढाच. अमेरिकेने तो सर्वोच्च दर्जा १८९३ पर्यंत कुणालाच दिला नव्हता.

जुनं_दप्तर
कॉन्सलबद्दल. पेशव्यांचे निजामाच्या दरबारातले वकील गोविंदराव काळे डोळ्यांपुढे ठेवलेत, तर ती उपमा मिनिस्टरला लागू पडते. कॉन्सलचं काम दरबारात नाही, बंदरावर. १४ एप्रिल १७९२ च्या कायद्याने त्याला पगार ठेवलाच नाही. अपवाद बार्बरी किनाऱ्याचा (उत्तर आफ्रिकेचा किनारा), तिथे २,००० डॉलरपर्यंत. बाकीच्यांनी फीवर भागवायचं: शिक्क्यानिशी दाखल्याला २ डॉलर, परदेशात मेलेल्या अमेरिकनाच्या मालमत्तेची व्यवस्था लावली तर ५ टक्के. आजारी किंवा अडकून पडलेल्या खलाशाच्या पोटापाण्यासाठी दिवसाला १२ सेंटपर्यंत खर्च सरकारी, आणि परतणाऱ्या जहाजाने दर १०० टनांमागे फार तर दोन खलाशी घरी न्यायचे, नाहीतर कप्तानाला दंड.

बिघडतं ते इथेच. पगार नाही म्हणून व्यापारीच नेमावे लागत, आणि व्यापारी आपला धंदा सांभाळणारच. त्यात यजमान सरकारने मान्यता दिली नाही, तर सनद नुसता कागद. बेंजामिन जॉयला कलकत्त्याचा कॉन्सल नेमलं. तो १७९४ मध्ये पोहोचला, पण कंपनी सरकारने त्याला कॉन्सल मानलंच नाही. व्यापारी प्रतिनिधी म्हणून तेवढं राहू दिलं.

पंचवटी_वाचनगट
कलकत्त्याचं उदाहरण टिपणात पहिलं घेतो. १९,३५० मधला सरंजाम दरवर्षी मिळायचा का?

गोदाकाठ
नाही, रवाना होताना एकदाच. दुसऱ्या वर्षापासून १०,३५० धरा.