‘सगळं दूध’ म्हणजे होल मिल्क का?

शहापूर_वाचक:
बेळगावी कुंद्याची कृती इंग्रजीत लिहून द्यायची आहे. ‘सगळं दूध आटवा’, ‘अख्खा वेलदोडा’, ‘पातेलं पूर्ण भरू नका’, ‘साखर पूर्ण विरघळू द्या’. या चार जागी होल, ऑल, फुल, एन्टायर, कम्प्लीट यांतलं कुठं काय? शब्दकोशात सगळ्यांपुढं ‘संपूर्ण’च दिलंय. सांगा की कुणीतरी.

भाषांतर_मास्तर:
आधी दूध. ‘होल मिल्क’ लिहिलंत तर साय न काढलेलं दूध असा अर्थ होतो. तुम्हाला घेतलंय तेवढं सगळं म्हणायचंय, तिथं ‘ऑल द मिल्क’. दूध, पाणी, साखर यांना स्वतःचा आकार नाही, म्हणून ऑल. पोळी, ऊस, दिवस यांना सुरुवात-शेवट आहे, म्हणून होल. न कुटलेला वेलदोडाही होल.
पातेल्याला फुल, कारण आत किती भरलंय हे सांगायचंय. ‘होल बॉटल’ प्यायला म्हणजे अख्खी संपवली. ‘फुल बॉटल’ म्हणजे नुसती भरलेली. विरघळणं ही क्रिया, ती शेवटाला जायला हवी, म्हणून कम्प्लीटली.
आणि दुधाचे टक्के लिहाच. अमेरिकेत होल मिल्क म्हणजे किमान ३.२५ टक्के स्निग्धांश, आपल्या पिशवीवरचं फुल क्रीम किमान ६. तेवढंच दूध आटवूनही तिकडं खवा कमी पडेल.

खानापूर_कट्टा:
मास्तरांना जोड. अनेकवचनात फार घोळ होतो. ‘होल व्हिलेजेस’ पाण्याखाली गेली म्हणजे गावंच्या गावं गेली. बाकीची वाचलीही असतील. ‘ऑल द व्हिलेजेस’ म्हणजे एकही सुटलं नाही. पावसाळ्यातल्या बातमीत हा फरक लहान नाही. विशेषनामाआधी नुसतं होल चालत नाही: ‘द होल ऑफ खानापूर’. कन्नड येणाऱ्यांनी ‘इडी ऊरु’ आठवावं. ते इडी म्हणजे आपलं अख्खं, आणि हे होल.

शहापूर_वाचक:
आभार मास्तर. मग एन्टायर कुठं?

भाषांतर_मास्तर:
कृतीत नकोच, वेलदोड्याला तर अजिबात नको. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘हात न लागलेलं’, आपल्या अक्षतांसारखा: काही तुटलं नाही, काही काढून घेतलं नाही. म्हणून ‘एन्टायर’वर जोर पडतो, ‘एवढं सगळंच्या सगळं’ असा. वनस्पतिशास्त्रात दाते नसलेल्या कडेच्या पानालाही एन्टायरच म्हणतात. आंब्याचं पान हातात घेऊन कडेवरून बोट फिरवा, कुठं अडकत नाही.