मदत हवी आहे : लॅपटॉपमार्फत केबलने जोडलेला प्लेस्टेशन टॅबवरून सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजातल्या एका जुन्या वाड्यात राहतो. वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत. वर काका आणि खाली आम्ही. फायबरची जोडणी एकच, तीही काकांच्या नावावर. राउटर त्यांच्या दिवाणखान्यात आहे आणि महिन्याचे बिल आम्ही निम्मे-निम्मे भरतो. अडचण भिंतींची आहे. माजघराची दगडी भिंत हातभर जाड असल्यामुळे तिच्यापलीकडे वायफाय जेमतेम पोहोचते, आणि आमचा प्लेस्टेशन ४ नेमका त्याच माजघरात, टीव्हीखाली आहे. तो अगदी पहिल्या मॉडेलचा असल्याने त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय चालते, आणि त्या पट्ट्यात आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची इतकी गर्दी आहे की खेळ मध्येच तुटत असे.

यावर मी गेल्या वर्षी एक तोड काढली. चौकाकडच्या खिडकीत वायफाय चांगले मिळते, म्हणून जुना लॅपटॉप तिथे ठेवला, त्याच्या लॅन पोर्टमधून केबल काढून कन्सोलला जोडली आणि विंडोजमधले इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू केले. तेव्हापासून डाउनलोड आणि ऑनलाइन खेळ दोन्ही विनातक्रार चालतात.

आता नवी गरज उभी राहिली आहे. संध्याकाळी साडेसातनंतर टीव्ही आईच्या ताब्यात असतो (आणि त्याबाबत वाटाघाटी होत नाहीत), म्हणून चिरंजीवांना वर काकांकडे बसून अँड्रॉइड टॅबवर रिमोट प्लेने, म्हणजे कन्सोलचे चित्र नेटवर्कवरून टॅबवर आणून, खेळायचे आहे. परंतु टॅबवरील अ‍ॅप मिनिटभर शोधत राहते आणि शेवटी कन्सोल सापडला नाही असे सांगते.

मी आतापर्यंत जे तपासले ते असे. कन्सोलच्या सेटिंगमध्ये रिमोट प्ले चालू आहे, टॅबवर आणि कन्सोलवर खाते एकच आहे, आणि कन्सोल त्या खात्याचा प्राथमिक प्लेस्टेशन म्हणून नोंदलेला आहे. कन्सोल जागा असतानाही हेच घडते, तेव्हा दोष रेस्ट मोडचा नाही. कन्सोलवर नेटवर्कची स्थिती पाहिली असता पत्ता १९२.१६८.१३७.९४ असा दिसतो, तर टॅबचा पत्ता १९२.१६८.१.२३ आहे. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की खिडकीतल्या त्याच लॅपटॉपवर रिमोट प्ले चालवले, तर कन्सोल क्षणात सापडतो आणि चित्रही स्वच्छ येते. लॅपटॉपचा फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहिला, काही फरक पडला नाही. लॅपटॉपचा मोबाइल हॉटस्पॉट चालू करून टॅब त्याला जोडावा म्हटले, तर माझ्या लॅपटॉपवर हॉटस्पॉट सुरू होताच केबलीवरचे शेअरिंग बंद पडले.

तेव्हा माझा प्रश्न असा : लॅपटॉप मध्ये ठेवूनच टॅबला कन्सोलपर्यंत पोहोचवण्याचा काही मार्ग आहे का, की ही रचनाच मोडावी लागेल? पोर्ट फॉरवर्डिंगने (म्हणजे बाहेरून आलेली मागणी ठरावीक उपकरणाकडे वळवून) काम होईल का?

प्रतिसाद :

आपण दोन्ही पत्ते लिहिलेत हे फार बरे केले, कारण उत्तर त्यांतच आहे. शेअरिंग चालू केल्यावर विंडोज केबलीच्या बाजूला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता स्वतःकडे घेते आणि त्या बाजूच्या उपकरणांना त्याच मालिकेतले पत्ते वाटते. म्हणजे आपला लॅपटॉप इथे दुसऱ्या राउटरचे काम करतो आहे आणि आपल्या घरात दोन वेगळी नेटवर्के झाली आहेत. वाड्यातच राहता, म्हणून देवडीवरच्या पहारेकऱ्याचे उदाहरण देतो. आतल्या माणसाने बाहेर निरोप धाडला तर त्याचे उत्तर पहारेकरी ओळखून आत सोडतो, पण बाहेरून कोणी आपण होऊन आतल्याला हाक मारली तर ती देवडीवरच अडते. ऑनलाइन खेळात सुरुवात कन्सोल करतो म्हणून ते चालते. रिमोट प्लेमध्ये सुरुवात टॅब करतो. शिवाय टॅब कन्सोलला शोधताना आपल्या नेटवर्कातल्या सर्वांना उद्देशून पुकारा करतो, आणि असा पुकारा एका नेटवर्कातून दुसऱ्यात जात नाही. लॅपटॉपचा पाय दोन्हीकडे असल्यामुळे त्याला मात्र कन्सोल लगेच दिसतो.

पोर्ट फॉरवर्डिंग विंडोजच्या शेअरिंगमध्येही करता येते, परंतु अधिकृत अ‍ॅपमध्ये कन्सोलचा पत्ता हाताने लिहिण्याची सोयच नसल्याने पुकाऱ्याचा प्रश्न तसाच राहतो. शेअरिंगऐवजी ब्रिज करावा, म्हणजे दोन्ही बाजू जोडून एकच नेटवर्क करावे, असे कोणी सुचवील. केबलीला केबल जोडायची असती तर मीही तेच सुचवले असते, पण वायफायच्या बाजूने ब्रिज केल्यास राउटर एका जोडणीमागे साधारणपणे एकाच उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचा हार्डवेअरचा ओळखक्रमांक, मान्य करतो, त्यामुळे मागच्या कन्सोलला कधी पत्ता मिळतो, कधी मिळत नाही. त्यात संध्याकाळ घालवू नये.

माझे मत स्पष्ट आहे, लॅपटॉप मधून काढा. इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि आपल्याला फार तर पंचवीस लागेल. वरच्या राउटरच्या लॅन पोर्टमधून कॅट ५ई केबल सज्ज्यावरून चौकात उतरवा आणि खिडकीतून आत घ्या. भिंत फोडावी लागणार नाही. चौक उघडा असेल तर केबल उन्हापावसात टिकणारी, बाहेरच्या वापराची घ्या. केबल नकोच असेल तर लॅन पोर्ट असलेला वायफाय एक्स्टेंडर लॅपटॉपच्या जागी ठेवा, मात्र तो स्वतः वेगळे पत्ते वाटत नाही ना, हे घेण्यापूर्वी पाहून घ्या. नाहीतर पहारेकरी बदलेल, देवडी तीच राहील.

धागालेखक :

आपल्या प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार. रविवारी केबल टाकली. बावीस मीटर लागली. सज्ज्याच्या कठड्याला बांधून ती पागोळ्यांच्या आतल्या बाजूने खाली घेतली, आणि खिडकीच्या चौकटीत जुन्या दूरध्वनीच्या तारेसाठी पाडलेले भोक होते, ते थोडे मोठे केल्यावर केबलीचे टोक आत आले. कन्सोलला १९२.१६८.१.४० हा पत्ता मिळाला, तेव्हा काम झाले असे समजून मी वर गेलो.

तरीही टॅबला कन्सोल सापडेना! पत्ते एकाच मालिकेतले, लॅपटॉप बंद, मध्ये कोणीही नाही, आणि अ‍ॅप पुन्हा पूर्वीसारखेच शोधत बसलेले. तासाभराने लक्षात आले की टॅबवर जे वायफाय आहे ते राउटरचे पाहुण्यांसाठीचे आहे. जोडणी घेतली तेव्हा काकांनी आम्हाला त्याचाच पासवर्ड दिला होता आणि आम्हीही कधी विचारले नाही. आमच्या राउटरवर पाहुण्यांच्या वायफायलाही पत्ते त्याच मालिकेतले मिळतात, म्हणून शंका आली नाही. परंतु त्यावरच्या उपकरणाला फक्त इंटरनेट मिळते, घरातली इतर उपकरणे दिसू दिली जात नाहीत. म्हणजे मी लॅपटॉपची गाठ सोडवली असती, तरी हे दुसरे कुलूप होतेच.

मुख्य वायफायचा पासवर्ड मागताना थोडे अवघडल्यासारखे झाले. काकांनी "अरे, तुम्ही काय पाहुणे आहात का?" असे म्हणून तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला दाखवला. टॅब त्यावर जोडताच दहा सेकंदांत कन्सोल सापडला.

पुढे कोणाला उपयोग व्हावा म्हणून तीन गोष्टी नोंदवतो. कन्सोलचा पत्ता बदलू नये यासाठी राउटरमध्ये तो राखून ठेवला आहे. रेस्ट मोडमधून टॅबने कन्सोल उठवायचा असेल, तर वीजबचतीच्या सेटिंगमध्ये इंटरनेटशी जोडलेले राहणे आणि नेटवर्कवरून चालू होणे हे दोन्ही पर्याय निवडावे लागतात. आमचा दुसरा पर्याय बंद होता. राउटरपासून दूरच्या खोलीत चित्र तुटत होते, म्हणून अ‍ॅपमध्ये चित्राची स्पष्टता ७२०पी ऐवजी ५४०पी ठेवली. टॅबच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. आईची मालिका काल पूर्ण वेळ चालली आणि वरून आरडाओरडाही ऐकू आला, त्यामुळे हा धागा आता बंद समजावा.