गुडघा गेला, ग्राउंड गेलं. 'होतं ते बऱ्यासाठीच' हे कुणाच्या बाबतीत खरं ठरलंय का?

माणदेशी_१६०० यांचा प्रश्न

मी माण तालुक्यातला, वय 24. पोलीस भरतीची तयारी करत होतो. 1600 मीटर ही माझी हुकमी बाजू. गोळाफेक बेताची, पण धावण्यात मार्क भरून निघायचे. ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या तोंडावर सकाळी अंधारात सराव करताना पाय खड्ड्यात गेला आणि गुडघ्यातून कट्टकन आवाज आला. एमआरआयमध्ये लिगामेंट पूर्ण फाटलेलं निघालं. ऑपरेशन सांगितलंय. त्यानंतर चालणं-फिरणं नीट होईल म्हणतात, पण पूर्वीच्या वेगानं 1600 निघेल का, हे डॉक्टरही ठामपणे सांगत नाहीत.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो, "होतं ते बऱ्यासाठीच होतं." मामा म्हणाले, आत्या म्हणाली, अकॅडमीचे सर म्हणाले. त्यांची माया मला कळते. पण हे खरं आहे का? तुमच्यापैकी कुणाचं असं काही मोडलं आणि त्यातून पुढं खरोखर चांगलं निघालं असेल, तर नीट सांगा. मधला काळ कसा काढला, पैसे कुठून आले, घरचे काय म्हणाले, तेही लिहा. नुसता धीर नको.

माजी_सैनिक_वाळवा

मित्रा, आमच्या सांगली जिल्ह्यातलं उदाहरण सांगतो. मुरलीकांत पेटकर. मूळचे पेठ-इस्लामपूर भागातले. फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रसामग्री सांभाळणाऱ्या शाखेत होते आणि बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. बॉक्सिंग तिथंच संपलं. उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरवलं आणि त्यातून पोहणं सुरू झालं. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण, वेळ 37.33 सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. पदक आणि पद्मश्री यांच्यात 46 वर्षं गेली. मधल्या काळात ते पुण्यात नोकरी करून संसार चालवत होते. चांगलं होतं, पण ते जगाला दिसायला किती वेळ लागेल याची हमी कुणी देत नाही.

आणि ऑपरेशननंतर फिजिओथेरपी टाळू नकोस. गावाकडची पोरं टाके निघाले की घरी बसतात, मग मांडीचा स्नायू सुकतो आणि गुडघा कायमचा कच्चा राहतो. हे मी पलटणीत फार वेळा पाहिलंय.

जवारीवाली

प्रश्न सरळ विचारलात, म्हणून सविस्तर लिहिते.

मी जयसिंगपूरची. लहानपणापासून गाणं शिकले, विशारद झाले, त्यापुढच्या अलंकार परीक्षेची तयारी चालू होती. दिवसा एका शाळेत संगीत शिक्षिका, संध्याकाळी घरी शिकवण्या, पहाटे स्वतःचा रियाज. साठ मुलांच्या वर्गात माइकशिवाय गायचं म्हणजे गळ्यावर काय भार येतो, ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. आवाज आधी बसायला लागला, मग फाटायला लागला. स्वरतंतूवर गाठ निघाली. ऑपरेशन झालं, बोलण्याचा आवाज परत आला. गाण्याचा आला नाही. मध्य सप्तकात थोडा वेळ लागायचा, पण तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या आसपास गेलं की हवाच बाहेर यायची. वर्षभर वाट पाहिली. स्पीच थेरपी, मौन, वाफ, सगळं केलं. शेवटी शाळाही सुटली.

'यातून काही चांगलं होईल' असं मला त्या वर्षात एकदाही वाटलं नव्हतं. आई देवापाशी बसून रडायची आणि मी दुसऱ्या खोलीत तानपुऱ्याला खोळ घालून ठेवलेला बघत बसायचे. मग ठरवलं की तो विकून टाकू, निदान नजरेसमोर नको. तो मिरजेत घेतलेला होता, म्हणून मिरजेलाच सतारमेकर गल्लीत घेऊन गेले.

तिथल्या एका वयस्क कारागीर चाचांनी तो बघायला घेतला. तारांनी घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर चरे पाडले होते, त्यामुळं आवाज चेपला होता. विकायच्या आधी जवारी काढतो म्हणाले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तानपुऱ्याची तार घोडीच्या रुंद पाठीवर टेकत-सुटत थरथरते, म्हणून तो झंकार येतो. घोडीची ती पाठ सपाट नसते, तिला अगदी बारीक उतार असतो. तो कानसेनं साधायचा आणि मग तारेखाली सुती दोरा केसभर पुढं-मागं सरकवून झंकाराची नेमकी जागा शोधायची. जवारी म्हणजे हे सगळं काम. जमलं, तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेतून न छेडलेला गांधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू येतो. गाणारा त्या गांधारावर विसावतो.

चाचा काम करत होते, मी ऐकत होते. मध्येच मी बोलले, "चाचा, खर्जात गांधार येतोय, पण जोडाच्या दुसऱ्या तारेवर आवाज दबतोय." (जोड म्हणजे मधल्या दोन सारख्या तारा.) त्यांनी कानस थांबवली, दोरा हलवला, पुन्हा छेडलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "गातीस काय गं बेटी?" मी म्हटलं, गात होते. ते म्हणाले, "मग उद्या ये. विकायचं नंतर बघू."

मी दुसऱ्या दिवशी गेले आणि जात राहिले. सुरुवातीला फक्त ऐकायचं काम. ते कानस चालवणार, मी कुठं दबतंय, कुठं करकरतंय ते सांगणार. मग टाकाऊ घोड्यांवर हात बसवला. बोटं सोलवटली, घोड्या वाया गेल्या, कारण एकदा जास्त घासलं की लाकूड परत भरत नाही. आईला हे मुळीच पसंत नव्हतं. "एवढं गाणं शिकून सुतारकाम करणार?" असं तिनं स्पष्ट विचारलं. जवळपास दोन वर्षं माझी कमाई नावापुरती होती. शेजारच्या मुलांना पेटीवर सरावाचे अलंकार-पलटे शिकवून हातखर्च निघायचा, कारण तिथं गावं लागत नव्हतं.

दुकानात बसल्या-बसल्या चाचांनी मला या गल्लीचीच गोष्ट सांगितली. ही मंडळी मुळात शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी, शस्त्रं घडवणारी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रजी अंमल घट्ट झाला आणि शस्त्रांची मागणी आटली. पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा डोळ्यांदेखत बसला. तेव्हा फरीदसाहेब शिकलगार वाद्यं दुरुस्त करायला लागले, मग घडवायला लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड, त्यामुळं आश्रय मिळाला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठे भोपळे आणायचे, तुणीचं लाकूड वापरायचं. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा उगम एका बुडालेल्या धंद्यात आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचंही तसंच सांगतात. प्लेगच्या आजारपणात ते मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात आले, बरे झाले आणि मिरज त्यांचं घर झालं. त्यांना स्वतःला वाद्यदुरुस्तीचं उत्तम अंग होतं आणि त्यांच्या तानपुऱ्यांची ख्याती आजही निघते.

हे ऐकून मला बरं वाटलं ते अशासाठी, की शिकलगारांचा धातूवरचा हात वाया गेला नाही. धार लावणाऱ्याला केसभर कमी-जास्त कळतं, आणि घोडी घासणाऱ्यालाही तेच लागतं. माझ्यापुरतं म्हणाल तर माझा गळा गेला होता, कान गेला नव्हता. इतकी वर्षं सुरात राहून कमावलेला कान गळ्याच्या गाठीबरोबर कुणी काढून नेला नव्हता. पण ते मला घरात बसून उमगलं नसतं. दुसऱ्या माणसानं ते ओळखावं लागलं.

आज मी स्वतंत्र काम करते. कारागीर उत्तम असतात, पण त्यांतले बरेच जण गात नाहीत. गाणाऱ्यांना हवं काय ते कळतं, पण हातात कानस धरवत नाही. मी दोन्हीच्या मधे बसते. विशेषतः गायिका येतात, काळी चार-काळी पाचवाल्या, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, कारण त्यांचे तानपुरे लहान, तारा ताणलेल्या, आणि तिथं झंकार पातळ होतो. पुण्याहून, बेळगावहून, गोव्याहून वाद्यं येतात. कोकण-गोव्यात पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, खुंट्या घट्ट बसतात, हिवाळ्यात त्याच घसरतात. पोट भरतं. गाड्या-बंगले नाहीत.

आणि गाणं गेलं ते गेलंच. मैफलीत माझ्या हातून लागलेल्या तानपुऱ्यावर कुणी तार षड्ज लावते, तेव्हा आजही गळ्यात हुंदका येतो. जवारी मिळाली म्हणून ते नुकसान भरून निघालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही.

गिरणगाव_लालबाग

ताई, तुमचं लिहिणं मनापासून भावलं. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण या भावाला सगळंच माहीत असावं.

माझे वडील मुंबईच्या कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. जवळजवळ अडीच लाख कामगार. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडिलांची गिरणी पुन्हा नीट चालली नाही. आईनं डबे करायला घेतले, वडील एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि शेवटपर्यंत तेच राहिले. मी शिकलो, इंजिनियर झालो. लोक त्यांना म्हणायचे, "गिरणी बंद पडली म्हणून पोरगा शिकला." ते उठून निघून जायचे. त्यांचं म्हणणं, "गिरणी चालू असती तरी मी त्याला शिकवलाच असता." आणि ते खरं होतं.

दुसऱ्याच्या दुःखाला 'बऱ्यासाठी' म्हणायचा हक्क आपल्याला नसतो. ज्याचं त्यानं म्हणावं, तेही वाटलं तर. शिवाय ताई, एक विचारतो. ती दोन वर्षं घर कुणी चालवलं? अनेकांना ती दोन वर्षंच मिळत नाहीत.

जवारीवाली

गिरणगाव, अगदी बरोबर प्रश्न. भावाचा पगार होता, राहायला आईचं घर होतं, डोक्यावर कर्ज नव्हतं. यातलं एक जरी नसतं तर मी दुसऱ्या महिन्यात कुठल्या तरी दुकानात हिशेब लिहायला बसले असते आणि चाचांकडं गेलेच नसते. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगावासा वाटतो.

माण तालुक्याच्या भावासाठी एक प्रश्न. दुसरं कुणी धावत असताना तुम्हाला असं काय दिसतं, जे शेजारी उभ्या माणसाला दिसत नाही? उत्तर इथं द्यायलाच हवं असं नाही.

माणदेशी_१६००

सगळ्यांचे आभार. गिरणगाव दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य मी आमच्या वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खरं बोलला माणूस."

ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. लेखीच्या 100 मार्कांचा अभ्यास बंद ठेवणार नाही, एवढंच सध्या ठरवलंय. ताई, तुमच्या प्रश्नावर विचार केला. पोरगं पहिल्या फेरीत खांदे आवळून पळायला लागलं की शेवटच्या फेरीत मरणार, हे मला लांबून कळतं. अकॅडमीच्या पोरी 800 मीटरसाठी ताल विचारायला घरी येतात, पण मला अजून मैदानाकडं बघवत नाही. त्यांना म्हटलं, व्हिडिओ काढून पाठवा.

एक वेगळंच विचारतो. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरातली वीणा पार मुकी झाली आहे. भजनी मंडळातले म्हातारे म्हणतात पूर्वी घुमायची. तुम्ही वीणा बघता का? किती खर्च येईल?

जवारीवाली

बघते. देवळाच्या वीणेची मजुरी मी घेत नाही, तारा आणि घोडी लागली तर तेवढेच पैसे. आणायच्या आधी तारा सैल करा, पण पूर्ण उतरवू नका, नाहीतर घोडी निसटून हरवते. भोपळ्याला चीर असेल तर घरी फेविकॉल अजिबात लावू नका, मग नीट जोडता येत नाही. गोधडीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसा, एसटीच्या डिकीत टाकू नका. आणि तुम्ही स्वतः यायचं असेल तर गुडघ्याचे टाके निघाल्यावर या. दुकान जिन्यावर आहे.